आत्याचे पंचांग

वाई हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी अर्ध्या तासापुरते पाहिलेले असते. महाबळेश्वरला निघालेली गाडी खंबाटकीचा घाट ओलांडते, सुरूरच्या फाट्यावर उजवीकडे वळते आणि वाईत येऊन थांबते. मंडळी खाली उतरतात, ढोल्या गणपतीला हात जोडतात, कृष्णेच्या घाटावर एखादे छायाचित्र काढतात आणि थंड हवेच्या ओढीने पसरणीचा घाट चढू लागतात. पुण्याहून सुमारे ९० किलोमीटरवर असलेल्या या गावाला अर्ध्या तासाहून अधिक वेळ द्यावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्या वाट्याला मात्र वाईचे एक सबंध वर्ष आले. सलग नव्हे; कॉलेजच्या सुट्ट्या, शनिवार-रविवार आणि दोन-चार किरकोळ रजा यांची मोट बांधून सात-आठ वेळा जाणे झाले. पण गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंतचा कोणताही महिना मला अगदीच अनोळखी राहिला नाही. याचे कारण माझी आत्या.

आत्याकडे जाण्यापूर्वी त्या गणपतीविषयी दोन शब्द. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे मंदिर १७६२ साली नदीच्या पात्रालगत बांधले. मूर्ती एवढी स्थूल आणि ऐसपैस, की ‘ढोल्या’ हे नाव तिला लाडाने चिकटले. पण बघण्यासारखी गोष्ट आहे ती देवाच्या पाठीमागे, आणि तिकडे कोणीच फिरकत नाही. मंदिराची मागची भिंत सरळ नाही. नावेच्या नाळेसारखी ती निमुळती होत गेलेली आहे. पुराचा लोंढा त्या टोकावर आला की दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. भिंत उभी राहते. पुढे धोमचे धरण झाले तरी त्या भिंतीचे काम काही संपलेले नाही. वर धोम आणि बलकवडी भरली आणि पाणी सोडावे लागले, की कृष्णामाई आजही पायऱ्या चढून देवळात येते.

आत्याचे घर मधल्या आळीत आहे. पुढचा दरवाजा आळीत आणि परसदार नदीच्या अंगाला. सात आळ्यांचे आणि सात घाटांचे हे गाव. प्रत्येक आळीला आपल्या घाटाचा अभिमान फार. आत्या लग्न होऊन इथे आली तेव्हा घरात सतरा माणसे होती. आज ती एकटी आहे. यजमान जाऊन बारा वर्षे झाली, मुलगा पुण्यात, मुलगी नागपूरला. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. उजवा गुडघा कुरकुर करतो, डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला आहे. बाकी प्रकृती खणखणीत.

आत्याच्या नोकरीची गोष्ट सांगितल्याशिवाय तिच्या पुढच्या वर्षाचा उलगडा व्हायचा नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे मराठी विश्वकोशाचे काम वाईत आले, हे सर्वांना ठाऊक आहे. पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसावा २०१५ साली. या मोठ्या ग्रंथाच्या पाठीशी नामवंत विद्वान होते, तसे नाव नसलेले शेकडो हातही होते. त्यांतले दोन हात आमच्या आत्याचे. विशी ओलांडताच ती मुद्रिते तपासण्याच्या कामाला लागली आणि अठ्ठावन्न पुरी होईपर्यंत तेच करीत राहिली. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने छापील कागदावर नजर ठेवायची, अशी पद्धत. वाचणाऱ्याने स्वल्पविरामदेखील उच्चारायचा. ‘कंस सुरू, इसवी सन पूर्वी, कंस पूर्ण’ असे दिवसभर म्हणणारी बाई संध्याकाळी घरी येऊन मुलांना गोष्ट सांगू लागली, की राजपुत्र जंगलात शिरला, अर्धविराम, असे म्हणून जायची. आम्ही मुले पोट धरून हसत असू.

तीस-पस्तीस वर्षे हे काम केल्यावर माणसाच्या डोक्यात जगाची मांडणी अकारविल्हे होते. आत्याला बेडूक, बेने इझ्राएल आणि बेळगाव एकमेकांचे शेजारी वाटतात. तिच्या सेवानिवृत्तीपर्यंत ‘स’ आणि ‘ह’ ही अक्षरे छपाईला आलेली नव्हती. “माझं ज्ञान तेवढं अपुरं आहे रे,” असे ती अजून सांगते, आणि त्यात विनयाचा भाग थोडा, वस्तुस्थितीचा जास्त.

गेल्या भाऊबिजेला आम्ही सगळे वाईत जमलो होतो. फराळ झाला, पोरे फटाके उडवायला घाटावर पळाली आणि आतेभावाने विषय काढला. त्याने पुण्याला मोठा फ्लॅट घेतला आहे. चौथा मजला, उद्वाहन, आईसाठी वेगळी खोली, त्या खोलीला लागून न्हाणीघर. वाईचे घर जुने. मागचा सोपा खचत चालला आहे. एकट्या बाईने पावसाळ्यात तिथे राहू नये. घर विकावे किंवा निदान बंद करावे. त्याचे म्हणणे तळमळीचे होते आणि त्यात खोट काढण्याजोगे काही नव्हते. वहिनी बँकेत नोकरी करतात, त्या एवढेच म्हणाल्या, “आई आल्या तर मला आनंदच आहे. पण त्यांना काय हवंय ते आधी विचारा.” आत्या करंज्यांचा डबा लावीत होती. ती म्हणाली, “वर्षभर बघा मी काय काय करते ते. मग पुण्याच्या त्या खोलीत त्यातलं काय काय मावतं, ते सांगा.” आतेभावाला वर्षभर बघायला सवड नव्हती. ते काम माझ्याकडे आले. मराठीच्या प्राध्यापकाला रजा भरपूर असतात, असा आमच्या घराण्यात समज आहे.

पहिली फेरी मार्गशीर्षात झाली, आणि ती वाईत न होता थेट लोणारला झाली.

महाराष्ट्र सरकारने २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत केला. त्याच वर्षी आत्याला पंचाहत्तरावे संपले. एवढा चोख योगायोग आयुष्यात क्वचितच येतो. तेव्हापासून तिने एक छंद धरला आहे. ज्या गावांचे लेख तिने मुद्रितात वाचले आणि जी पाहिली नाहीत, ती एकेक करून एसटीने पाहून यायची. पैठण झाले, खिद्रापूर झाले, औंढा नागनाथ झाले. बरोबर कोणी आले तर ठीक, नाही तर एकटी. “लोणार राहिलंय. ‘ल’ तपासून किती वर्षं झाली!” असा तिचा दूरध्वनी आला आणि मी पिशवी भरली. तिचे तिकीट शून्य रुपयांचे, माझे पूर्ण. वाहकाने दोन्ही तिकिटे माझ्याच हातात ठेवली तेव्हा आत्या खिडकीपाशी बसून प्रसन्न मुद्रेने बाहेर पाहत होती.

स्वारगेट, मग छत्रपती संभाजीनगरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी जालना, मंठा करीत लोणार. तुरी फुलल्या होत्या, कापूस वेचणाऱ्या बायांच्या ओट्या पांढऱ्या झाल्या होत्या. प्रत्येक स्थानकावर आत्या आपली वही काढी. हा तिचा दुसरा छंद. पाट्यांवरची अशुद्धे ती टिपून ठेवते. गाव, तारीख, पाटी आणि समोर शुद्ध रूप. ‘चहा मीळेल’ तिच्याकडे नऊ गावांचा आहे. मी विचारले, “पाटी लावणाऱ्याला सांगत का नाहीस?” तर म्हणाली, “त्याचा चहा चांगला असतो रे. त्याला कशाला ओशाळं करायचं? मी आपली माझ्यापुरती दुरुस्त करते.” साहित्य महामंडळाचे १९६२ चे लेखनविषयक नियम तिला मुखोद्गत आहेत, पण त्यांचा दंडुका करून ती कोणाच्या मागे लागत नाही. आमच्या व्यवसायातील काही मंडळींनी हा गुण उचलण्यासारखा आहे.

लोणारचे विवर मी पूर्वी पाहिलेले नव्हते. गावातून चालत जावे आणि एकाएकी पायांखालची जमीन संपावी, तसे ते समोर येते. बेसॉल्ट खडकात पडलेली सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची गोल परात. कडेवर झाडी, तळाशी हिरवट पाणी. अशनी आदळून हे घडले. केव्हा, याविषयी मात्र अंदाज बदलत गेले. पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे म्हणत, नंतरच्या मापनातून साडेपाच लाखांच्या पुढचा आकडा निघाला. मी हे आत्याला सांगितले. ती म्हणाली, “आकडे बदलायचेच. म्हणून तर नवी आवृत्ती काढतात.”

गुडघ्यामुळे तिने काठावरूनच पाहावे, असे मी सुचवले. ते तिने ऐकले नाही. वाट दाखवायला एक मुलगा घेतला, हातात काठी घेतली आणि दर वीस पावलांवर थांबत ती खाली उतरली. पाऊण तास लागला. पाण्याजवळ आलो तेव्हा एक उग्र, गंधकासारखा वास सुटला होता. तिने कमरेच्या बटव्यातून एक पुडी काढली. तीत वाईची हळद होती. रुमालाच्या कोपऱ्याला तिने चिमूटभर हळद चोळली आणि तो कोपरा सरोवराच्या पाण्यात बुडवला. पिवळा रंग पाहता पाहता कुंकवासारखा लाल झाला!

“खारं आहे म्हणून नव्हे हं, अल्कधर्मी आहे म्हणून,” आत्या म्हणाली. “हळदीला चुना लावला की कुंकू होतं, तेच हे. कागदावर किती वेळा वाचलं होतं ‘अल्कधर्मी’. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं, पुढे गेले. आज कळलं म्हणजे काय ते.”

वाट दाखवणारा मुलगा तिच्याकडे आदराने पाहू लागला. त्यानेही हा प्रयोग प्रवाशांना पुष्कळदा करून दाखवला असणार. पण स्वतःची हळद घेऊन आलेली म्हातारी त्याने पाहिली नसावी. २०२० च्या जूनमध्ये हेच पाणी गुलाबी झाले होते, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, हे त्याने आम्हांला सांगितले. आत्याने त्याला त्या जीवांविषयी इतके प्रश्न विचारले की शेवटी तो म्हणाला, “आजी, तुम्ही शाळेत होता का?” वर चढायला दीड तास लागला. संध्याकाळी दैत्यसूदनाच्या मंदिरात बसून तिने गुडघ्याला तेल चोळले आणि तो लाल रुमाल वाळत घातला. तो रुमाल तिने अजून धुतलेला नाही.

माघात मी गेलो तो कृष्णाबाईच्या उत्सवाला. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी नदीला केलेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा वाईकर सांगतात. एकेका घाटावर पाळीपाळीने कृष्णाबाईची स्थापना होते. कीर्तन, गाणे, हळदीकुंकू आणि शेवटी प्रसादाचे जेवण. नदीला माहेरवाशिणीसारखे मानणारे दुसरे गाव माझ्या पाहण्यात नाही. मधल्या आळीची पाळी आली की आत्याचे घर म्हणजे रेल्वेचे फलाट होते. तिच्याकडे पूर्वी भात शिजवण्यावर देखरेख असे. आता गुडघ्यामुळे तिला उभे राहवत नाही, म्हणून तिने भाजी चिरण्याचे काम स्वतःकडे घेतले आहे. ओसरीवर बारा-पंधरा बायका विळ्या घेऊन बसतात. त्यांत पंचविशीच्या सुना असतात, आणि आळीतल्या बातम्यांची देवघेव तिथे होते. कोणाच्या मुलीला कोठे नोकरी लागली, कोणाचे कोठे बिनसले, कोणाला कर्ज हवे आहे. मी पुरुषमाणूस म्हणून मला नारळ फोडायला बाहेर बसवले होते, त्यामुळे अर्ध्याच बातम्या मला कळल्या.

याच दिवसांत वाईच्या आसपास हळद निघते. शेतांत मोठ्या काहिली चढतात, हळकुंडे शिजतात, मग ती उन्हात पसरतात. त्या दिवसांत रस्त्याने जाताना नाकाला हळदीचा वास लागतो. एक शेतकरी दरवर्षी आत्याला लोणच्यासाठी ओली हळद आणून देतो. त्याच्या तिन्ही मुलींच्या लग्नपत्रिका आत्याने तपासून दिल्या, त्याची ही परतफेड. हा तिचा आजचा उद्योग आहे, आणि तो लहान नाही. पत्रिका, शाळेचे अहवाल, पतपेढीची निमंत्रणे, श्रद्धांजलीचे फलक, सगळे तिच्या ओसरीवरून जाते. पैसे ती घेत नाही. एका उमेदवाराने आपले निवडणुकीचे पत्रक आणले होते. तिने त्यातली सव्वीस अशुद्धे दुरुस्त केली, सत्ताविसाव्या ठिकाणी थांबली आणि म्हणाली, “इथे व्याकरण बरोबर आहे. पण हे तुम्ही करणार आहात का?” तो उमेदवार निवडून आला की नाही, हे मी विचारले नाही.

उन्हाळ्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण उन्हाळे सर्व घरांतले सारखेच असतात. नातवंडे आली, आंबे आले, भांडणे झाली. आत्या त्यांना घेऊन मेणवलीला गेली आणि नाना फडणविसांच्या वाड्यामागच्या घाटावर टांगलेली ती पोर्तुगीज घंटा दाखवली. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ नंतर, ती इकडे आली. मुलांना त्या घाटाचे महत्त्व वेगळ्याच कारणाने होते. ‘स्वदेस’ या चित्रपटाचे चित्रण तिथे झालेले आहे. आत्याने तेही लक्षपूर्वक ऐकून घेतले. संध्याकाळी लोकमान्य टिळक ग्रंथसंग्रहालयाच्या वसंत व्याख्यानमालेला ती जाते, पुढच्या रांगेत बसते, आणि वक्ता चुकला की कपाळाला बारीक आठी घालते. ती आठी पाहून पुण्याचा एक नामांकित वक्ता अडखळलेला मी पाहिला आहे.

ज्येष्ठाच्या अखेरीस तिचा फोन आला. “लोणंदला येतोस का? एकच टप्पा आहे.”

माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुणे-सासवड करीत नीरेकाठी येते. तिथे पादुकांना नीरास्नान होते आणि पालखी सातारा जिल्ह्यात प्रवेश करते. पहिला मुक्काम लोणंद. आत्याने यजमानांबरोबर एकदा पूर्ण वारी केली होती. त्यानंतर दरवर्षी लोणंद ते तरडगाव एवढाच टप्पा ती चालते. सात-आठ किलोमीटरांचे अंतर, पण वाटेत चांदोबाचा लिंब येतो आणि तिथे सोहळ्यातले पहिले उभे रिंगण होते. दुतर्फा दिंड्या उभ्या राहतात, मधून माउलींचा अश्व धावतो आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला माणसे वाकतात.

गुडघा त्या दिवशी सुजलेला होता. हे मला दिसत होते, तिलाही कळत होते. ती चालू लागली. एका दिंडीतल्या बाईच्या डोक्यावर तुळशीवृंदावन होते. तिचे वय आत्याएवढेच असेल. दोघी बोलू लागल्या. ती परभणीकडची, पंधरा दिवस घराबाहेर, अंगावर दोनच लुगडी. तिला गुडघेदुखीवर कसलासा पाला ठाऊक होता. आत्याला त्या पाल्याचे शास्त्रीय नाव ठाऊक होते. रिंगणाच्या अलीकडे आत्या एका दगडावर बसली. मला वाटले, आता परतू या म्हणेल. ती म्हणाली, “तू पुढे हो, जागा धर.” मी पुढे गेलो नाही. अश्व धावला तो आम्हांला गर्दीच्या मागून दिसला. म्हणजे दिसली ती पताकांची हललेली रांग आणि ऐकू आला तो गजर. तरडगावला पोहोचायला आम्हांला अंधार झाला. परतीच्या एसटीत ती झोपली. तिच्या पायांतल्या चपलांना चिखल होता आणि त्या तिने काढलेल्या नव्हत्या. आतेभावाला यातले किती सांगावे, याचा मी वाटभर विचार करीत होतो. सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि तो बराच वेळ गप्प राहिला.

श्रावणातल्या एका रात्री त्याला जी भीती होती, ते घडले. तीन दिवस पावसाची झड होती. वीज गेलेली, नदी घाटाच्या वरच्या पायऱ्यांना लागलेली. परसदारी पाणी कोठवर आले ते पाहायला आत्या कंदील घेऊन गेली आणि ओल्या पायरीवरून घसरली. पाऊल मुरगळले, मनगटावर पडली. हाक मारली, ती पावसात कोणाला ऐकू गेली नाही. सरकत सरकत ती माजघरात आली आणि भिंतीला टेकून बसून राहिली. भ्रमणध्वनी चार्ज नसल्यामुळे निपचित पडला होता. सकाळी सहा वाजता शेजारच्या सुनेला आत्याच्या उंबऱ्यावर दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. भाजी चिरायला बसणाऱ्यांपैकीच ती एक. मागच्या भिंतीवरून चढून ती आत आली. दहा मिनिटांत आळी गोळा झाली, अकरा वाजेपर्यंत हाताला प्लास्टर झाले, आणि आतेभाऊ दुपारी पोहोचला तेव्हा आत्या खाटेवर पडून वरणभात खात होती.

तो आईशी काही बोलला नाही. ओसरीवर येऊन बसला आणि मला म्हणाला, “सात तास बसून होती रे ती. एकटी. अंधारात.” त्याचा आवाज कापत होता. शेजारची सून वेळेवर आली हे खरे, आणि पुण्याच्या चौथ्या मजल्यावर दुधाची पिशवी कोणाच्या लक्षात आली नसती हेही खरे. पण ज्याची आई सात तास अंधारात बसली, त्याच्यापुढे ही दोन सत्ये मांडण्याचे धैर्य मला झाले नाही. मला आजही वाटते की त्या दोघांपैकी कोणाचेच चुकत नव्हते. आणि असे प्रश्न सोडवायला सर्वांत कठीण.

तो सोडवला आत्यानेच. प्लास्टर निघाल्यावर तिने मुलाला आणि मला बोलावले. पुढ्यात पंचांग होते आणि तिची ती वही. वहीच्या शेवटच्या पानावर तिने बारा महिने लिहिले होते आणि प्रत्येकासमोर कामे. माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख गच्च भरलेले. आषाढीनंतरच्या ओळी मात्र विरळ. व्रतवैकल्ये आणि वाचन.

“हे बघ,” ती मुलाला म्हणाली, “लोणंदचा टप्पा झाला की मी पुण्याला येईन. घटस्थापनेला परत. पावसाळा तुझ्याकडे. वाचन काय, तिकडेही होईल. ‘स’ आणि ‘ह’ आता संगणकावर आहेत म्हणतात. बाकीचे महिने इथे. घर विकायचं नाही. मागची पायरी तेवढी दुरुस्त करून दे, आणि एक दांडा बसव धरायला.”

आतेभावाने पंचांग पुढे ओढले. त्याने अधिक महिन्याची अडचण काढली. तिने ती तत्काळ सोडवली. त्याने हिवाळ्यातले पंधरा दिवस मागितले. तिने संक्रांतीचे आठ दिले. भ्रमणध्वनी रोज रात्री चार्जला लावायचा, हे कलम तिने कुरकुरत मान्य केले. शेजारच्या सुनेकडे किल्ली ठेवायची, हे कलम तिने आधीच अमलात आणलेले होते. मी साक्षीदार म्हणून बसलो होतो. शेवटी तिने विचारले, “तुझ्या घरापासून स्वारगेट किती लांब रे?”

“वीस मिनिटं. का?”

“नाही, विचारलं आपलं.”

आश्विनात मी पुन्हा वाईला गेलो तेव्हा पायरीचे काम पुरे झाले होते. नव्या दगडाशेजारी जुने दगड काळे दिसत होते; लोखंडी दांड्याला तिने ओल्या पंचाचे वाळवण घातले होते. नदी उतरली होती, घाटावर गाळ साचला होता आणि आळीतली मुले तो खराट्यांनी लोटत होती. आत्या दिवाळीच्या वाती वळीत होती. मनगट अजून दुखते, म्हणून डाव्या हाताने वळायची तिने सवय केली आहे. त्या वाती किंचित जाड होतात.

“मार्गशीर्षात मोकळा आहेस का?” तिने विचारले. “हरिहरेश्वर बघायचं आहे. महाडवरून जाता येतं.”

“पण ‘ह’ तू तपासलेला नाहीस,” मी म्हणालो.

“म्हणूनच. तो आता तिथे जाऊनच तपासते.”

मी परीक्षांचे वेळापत्रक पाहून तारखा कळवल्या आहेत. तिकीट अर्थात माझे एकट्याचेच पडेल.